धाकटीचे खरे वय

मी, खाली सही करणारी, वरच्या मजल्यावरची रफूवाली, घड्याळजींची विधवा, वय एकीकरणाच्या वर्षांनी एकाहत्तर आणि आमच्या इथल्या वर्षांनी पंच्याऐंशी, हे माझे शेवटचे लिखाण स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी काल तपासून तसा दाखला दिला, तो सोबत टाचला आहे. मला कोणी पढवलेले नाही की दटावलेले नाही. थोरला म्हणाला होता, "आई, वकिलाकडून लिहून घे ना." पण मी लिहायला-वाचायला चाळिशीच्या तोंडावर शिकले, तेही माझी मीच. आता शेवटचा कागद दुसऱ्याच्या हातून लिहवून घ्यायचा, तर शिकले कशाला?

वय दोन प्रकारे का लिहिले, ते चौथ्या कलमात येईल.

कलम १. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जहाजांच्या गोदीकडे उघडणारी खिडकी, एवढे हे घर मी माझ्या धाकट्या मुलीला देते. ती सैन्यात आहे. तिचे जहाज अजून बारा वर्षांनी परत येईल. तोवर थोरला आणि सूनबाई यांनी इथे राहावे, घर आपलेच समजून वापरावे, पण विकू नये आणि भिंती पाडू नयेत. थोरल्याला वडिलांचे घड्याळांचे दुकान मी हयातीतच दिले आहे, त्यामुळे त्याच्यावर अन्याय झाला असे मला वाटत नाही. त्याला वाटत असेल तर त्याने आत्ता, मी ऐकू शकते तोवर सांगावे.

कलम २. सुया, रफूचा लाकडी गोळा, दोऱ्यांची पेटी आणि डोळ्यांजवळ ओढायचा दिवा सूनबाईला. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने माझ्या रफूला ठिगळ म्हटले होते. ते मी विसरलेले नाही. तरी सुया तिलाच, कारण मी आजारी पडल्यापासून माझी गिऱ्हाइके तिने एकही परत पाठवलेली नाहीत. फक्त दोरा दाताने तोडू नये.

कलम ३. माझ्या यजमानांचे डोळ्याला लावायचे भिंग त्यांच्या तेराव्या दिवसाच्या आतच भावजी "जरा बघायला" म्हणून घेऊन गेले. ते अजून बघताहेत. भिंग थोरल्याचे आहे. भावजींनी ते स्वतः आणून द्यावे, चहा प्यावा आणि विषय संपला असे समजावे.

माझी तेवीस पुस्तके वाचनालयाला. मी अक्षरे शिकले ती दवाखान्याच्या शिलाईखोलीत, गणवेशांच्या गळ्यांमागे टाचलेल्या नावांवरून. युद्धाच्या सुरुवातीला सात रंगांचे गणवेश यायचे, सात जगांच्या सात लिप्या. पुढे सगळे करडे झाले आणि नावे एकाच लिपीत येऊ लागली, म्हणून तर मला ती वाचता आली. आकाशभर विखुरलेली माणसे एक करायची म्हणून हे युद्ध होते. ते चांगले की वाईट, हे ठरवण्याइतके मी वाचलेले नाही. नावे वाचून झाली की गणवेश कोणाला परत द्यायचा आहे का, हे पलीकडच्या यादीत पाहावे लागे. बहुतेक वेळा द्यायचा नसे.

कलम ४. हे कलम सरकारसाठी आहे. ते नीट वाचावे.

माझे यजमान गेले त्याच्या पुढच्या वर्षी घरमोजणीचा कागद आला. मला नुकते लिहिता येऊ लागले होते. तळमजल्यावर राहणारे मोजणी कार्यालयातले कारकून म्हणाले, "वहिनी, द्या, मी भरतो." मी म्हटले, "नको, माझे मी भरीन." आयुष्यातला तो माझा पहिला सरकारी कागद. धाकटीच्या नावापुढे मी वय लिहिले, अठरा. अक्षर इतके छान आले की तो कागद मी थोरल्यालाही दाखवला.

आमचे वर्ष दहा महिन्यांचे. एकीकरणाचे वर्ष बारा महिन्यांचे. आमची अठरा म्हणजे त्यांची पंधरा. यजमान असते तर त्यांनी एका नजरेत सांगितले असते. त्यांच्या दुकानात दोन्ही मोजणीची घड्याळे शेजारी शेजारी टांगलेली होती. मला सुचले नाही. कारकुनांनी कागद घेतला, त्यावर सही केली आणि दोन महिन्यांनी धाकटीला बोलावणे आले. प्रत्येक गल्लीतून ठरावीक माणसे हवी होती, एका घरातून एकच. थोरल्याचा पाय लहानपणापासून अधू. कागदावर धाकटी अठराची.

मी त्याच आठवड्यात कार्यालयात गेले. दुरुस्तीला दोन सह्या लागतात, म्हणाले. भरणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. कारकून म्हणाले, "मला काही आठवत नाही हो, वहिनी. रोज शंभर कागद हाताखालून जातात." त्यांची बायको तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. नोकरी गेली असती, हे मला समजत होते. तरी त्या दिवसापासून एकतीस वर्षे मी त्यांच्याशी जिन्यावर नळाच्या पाण्याखेरीज कशाबद्दलही बोलले नाही.

धाकटीची उंची अजून वाढत होती. गणवेशाच्या बाह्या मी आत दुमडून शिवल्या, चार बोटे कापड सोडायला ठेवून. तिने आरशात पाहिले आणि म्हणाली, "आई, यात मी अजून एक मुलगी बसवीन." गोदीवर रडली नाही. मीही नाही. घरी येऊन थोरला रडला.

जहाज इतक्या वेगाने जाते की आत बसलेल्यांचा काळ सावकाश सरकतो. हे पुस्तकात वाचून मला तीनदा समजले आहे आणि चारदा समजलेले नाही. तिची चिठ्ठी मागच्या वर्षी पोचली. "आई, इथे मला दोन वर्षे झाली. बाह्या पूर्ण सोडल्या. आता कमी पडतात. दादाला सांग, माझ्या कपाटाला हात लावायचा नाही." दादा आता पन्नाशीचा आहे, त्याचे केस गेले आहेत. ती उतरेल तेव्हा जेमतेम विशीची असेल आणि तो तिला आजोबांसारखा दिसेल. थोरल्या, तेव्हा लाजू नकोस, पुढे हो. ती तुला आवाजावरून ओळखेल.

युद्ध संपून नऊ वर्षे झाली. पण भरती झालेल्याला दोन पाळ्या कराव्या लागतात; दुसरी पहाऱ्याची, तितकीच लांब. म्हणजे बारा वर्षांनी गोदीवर उतरून, घरी न येता, पुन्हा चढायचे. दुसऱ्या पाळीहून ती परत येईल तेव्हा इथे ओळखीचे कोणीच उरलेले नसेल.

मी वाचनालयातून भरतीचे नियमपुस्तक आणून पूर्ण वाचले. दोन महिने लागले. त्यात आहे की अठराच्या आतली भरती ही भरतीच धरली जात नाही, म्हणजे दुसरी पाळीही नाही. आणि कागद भरणाऱ्याने मृत्युपत्रात चूक कबूल केली व कागद घेणाऱ्याने त्याखाली सही केली, तर तो पुरावा चालतो. म्हणून मी कबूल करते: वय मी चुकीच्या वर्षांनी लिहिले. माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती.

परवा मी कारकुनांना वर बोलावले. एकतीस वर्षांनी ते माझ्या स्वयंपाकघरात आले. गुडघे दुखतात म्हणून दर चार पायऱ्यांना थांबत आले. मी हे कलम त्यांना वाचून दाखवले.

"वहिनी, माझे निवृत्तिवेतन बंद करतील," ते म्हणाले.

"करतील," मी म्हटले. "मी वाचलंय. पान दोनशे बारा."

"मग मी खायचं काय?"

"आमच्याकडे. सूनबाईला विचारलंय. ती म्हणाली, एक ताट जास्त, त्यात काय एवढं."

"एकतीस वर्षं धड बोलला नाहीत, आणि आता जेवायला बोलवताय?"

"मी नाही बोलवत. मी तेव्हा नसेनच. म्हणून तर सोयीचं आहे तुम्हाला."

ते हसले नाहीत. टेबलावरचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "विचार करतो," आणि भिंतीला धरून उतरून गेले. तळमजल्याचे दार लागायला फार वेळ लागला.

आज दुपारपर्यंत ते आले तर त्यांची सही खाली असेल. न आल्यास जागा कोरी राहील. तसे झाले तर थोरल्याने त्यांच्याशी भांडू नये. भांडून मी पाहिले आहे. दर वर्षी हाच कागद घेऊन कार्यालयात जावे आणि रांगेत उभे राहावे, बस.

कलम ५. माझ्यामागे माझे कपडे वाटून टाकावेत. उसवलेले आधी शिवावेत.

सही: रफूवाली
ठिकाण: राहते घर, वरचा मजला
दिनांक: एकीकरणाचे वर्ष चौपन्न, सातवा महिना, तारीख एकोणीस

साक्षीदार पहिला, स्वतःच्या अक्षरात:

मी, मोजणी कार्यालयाचा निवृत्त कारकून, राहणार तळमजला, लिहून देतो की वर सांगितलेला घरमोजणीचा कागद मीच घेतला होता. बाईंनी चूक कबूल केली आहे, ती त्यांची नव्हे. प्रत्येक कागदावर "कोणत्या वर्षांनी?" असे विचारून मगच सही करायची, हे माझे काम होते. त्या दिवशी मी विचारले नाही. मुलगी मी रोज जिन्यावर पाहत होतो, तिचे वय मला माहीत होते. आमच्या गल्लीच्या यादीत एक नाव कमी पडत होते आणि माझा स्वतःचा मुलगा एकोणीस वर्षांचा होता; तिचे नाव गेले नसते तर त्याचे गेले असते. मला सगळे आठवते. तेव्हाही आठवत होते.

सही: कारकून

साक्षीदार दुसरी: मुद्दाम बोलावल्यावरून हजर होते. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. सही: डॉक्टरीण

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच हाताने:

कारकुनांनी लिहिलेले मी दोनदा वाचले. मला ते माहीत नव्हते. एकतीस वर्षे मी चूक माझी समजत होते. काय वाटले ते लिहिण्याची ही जागा नाही आणि मला ते लिहिताही येणार नाही. त्यांचा मुलगा निदान वाचला का, हे मी विचारले. पुढच्या वर्षीच्या यादीत गेला, म्हणाले. परत आला नाही. हेही मला माहीत नव्हते. एकाच जिन्यावर राहून.

जेवणाच्या ताटाचे जे ठरले आहे ते ठरलेलेच आहे. त्यात बदल नाही.

जाताना त्यांनी विचारले, "वहिनी, ती उतरेल त्या दिवशी मी गोदीवर आलो तर चालेल का? लांब उभा राहीन." मी लगेच उत्तर दिले नाही. ते इथे देते. यावे. थोरल्याने त्यांना हाताला धरून न्यावे. जिना जमत नसेल तर खुर्चीत बसवून न्यावे. लांब उभे करू नये.

सही: रफूवाली