बऱ्या लेकराची तारीख

माय, तू गेल्याला अकरा वर्षं झाली. आज दुपारी जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगता येईना, म्हणून लिहायला बसले. रडू येत नाही. काहीच येत नाही.

माझ्या लेकीलाही आपल्या धाकटीचाच आजार निघाला, थॅलेसेमिया. मला तू तुझ्या भावाच्या घरी दिलंस, नात्यातल्या लग्नात असं होतं, डॉक्टर म्हणाले. असू दे, तेव्हा सगळेच देत होते. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, तू धाकटीला सेलूहून रेल्वेनं परभणीला न्यायचीस तसंच. दोन वर्षांपूर्वी मोठ्या शहरात तिच्याच पेशी काढल्या, त्यातला जनुक दुरुस्त केला आणि परत तिच्याच अंगात सोडल्या. केस गेले, महिनाभर तिला काचेआडूनच बघितलं. तेव्हापासून रक्ताची एकही पिशवी लागली नाही. पण पंधरा वर्षं दरवर्षी तपासायला आणा म्हणतात. दुरुस्ती भलत्या जागी झाली असेल का, पुढं रक्ताचा कॅन्सर होईल का, हे त्यांनाही अजून ठाऊक नाही. सही घेताना सगळं वाचून दाखवलं होतं. मी हो हो करत गेले.

अजून डोळ्यांसमोर आहे ते वर्ष. कापसाच्या जिनिंगचा हंगाम आहे. तू कापूस निवडायलीस, धाकटी सरकीच्या ढिगावरून घसरायलीय. मी नववीत. आज रक्ताची तारीख आहे, मी आठवण करून देते. तू मान वर न करता म्हणतेस, "खेळायलीय की पोरगी. बऱ्या लेकराला दवाखाना दाखवू न्हाई." पुढची तारीखही तशीच गेली. मग ताप आला आणि तिसऱ्या दिवशी धाकटी गेली. सगळ्या पाहुण्यांसमोर मी तुला म्हणाले, "तूच मारलंस तिला." तू भाकरी थापत राहिलीस. तो शब्द मी कधी मागं घेतला नाही, तू शेवटची आजारी होतीस तेव्हाही नाही.

लेकीची यंदाची तपासणीची तारीख मागच्या महिन्यात टळून गेली. आज दवाखान्यातल्या बाईंचा तिसरा फोन, कधी आणता म्हणून. लेक अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. तपासणीत काय निघेल याची मला लय भीती वाटते, माय. मी म्हणाले, "खेळायलीय की पोरगी," आणि फोन ठेवला.

तुलाही भीतीच वाटत होती का, हे मी तुला विचारलं नाही. हा कागद पाठवायचा तरी कुठं? दवाखान्याचा नंबर समोर आहे. मी अजून फोन लावलेला नाही.