पेट्रोलचा कॉक

बाबा, मी गाडी घेतली. जुनीच, शंभर सीसीची. हिंजवडीच्या नोकरीसाठी बस बदलत जाता-येता जीव मेटाकुटीला आला होता. विकणारे नारायण पेठेतले. गाडी त्यांच्या वडिलांची, ते गेल्यापासून जिन्याखाली उभी होती. मी ब्रेक दाबून बघितले, हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, तर म्हणाले, "अहो, गाडी घ्यायचीय की वरात काढायचीय?" तुमचं त्यांच्याशी छान जमलं असतं.

पहिल्याच आठवड्यात ती अडायला लागली. सकाळी एका किकमध्ये सुरू होते, गल्लीच्या तोंडाशी जाते आणि आचके देऊन थांबते. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने वाकून बघितलं. "मॅडम, पेट्रोलचा कॉक बंद आहे. कार्बोरेटरमध्ये उरलं होतं, तेवढ्यावर इथवर आलात." मी कॉकला हातही लावला नव्हता. हल्ली कोण बंद करतं तो?

तुम्ही करायचात. म्हणजे ते काम माझं. टाकीवर पुढे बसलेली मी, गाडी लावली की खाली वाकून तो खटका फिरवते आहे, बोटांना पेट्रोलचा वास. विसरले की "घरातला नळही असाच उघडा ठेवतेस का?" म्हणायचात आणि स्वतः फिरवायचात. कॉलेजात गेलीस की गाडी शिकवतो म्हणाला होतात. त्याआधीच गेलात. याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या सकाळी कॉक पुन्हा बंद. आईला विचारलं, तू केलास का. "या गुडघ्यांनी मी तीन मजले उतरून तुझी गाडी बघायला जाते होय?" मग वाटलं, गाडीबरोबर तिचे जुने मालकच आले असतील. पेठेत फोन केला. तुमचे वडील कॉक बंद करायचे का, म्हणून विचारलं.

"छे! तो कुठे असतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. का हो, काही बिघाड?"

"नाही," मी म्हटलं. त्या दिवशी पार्किंगमध्ये पाऊल टाकायचं धाडस होईना. रिक्षाने गेले.

आता सकाळी खाली गेले की आधी हात कॉककडे जातो. बंदच असतो. इंजिन गार आणि तेवढा खटका कोमट.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. हे पत्रही ड्रॉवरमध्येच राहील, टाकणार कुठे? पण एक सांगते. गाडी लावल्यावर कॉक बंद करायला मी विसरत नाही, बाबा. मुद्दाम उघडा ठेवते.