कासव जिथून वळतं

रविवार, २ मार्च २०२५

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, सोसायटीच्या फाटकातून आत आल्या आल्या, माझ्या नव्याकोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर राखाडी चिखल उडाला. वेळ लिहून ठेवते. असल्या गोष्टी वेळेसकट लिहिलेल्या असल्या की पुढे कुणाला डोळे मोठे करून ‘असं कधी झालं?’ विचारता येत नाही.

बाकी दिवस फार आनंदाचा. सगळी नोकरी नांदगावला पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली. घरी आठ-आठ दिवस नळ यायचा नाही आणि मी दुसऱ्यांचं पाणी काचेच्या नळीत धरून बघत बसायचे. आता निवृत्तीनंतर नाशकात, गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर माझं घर, आणि गॅलरीतून खाली बघितलं की सोसायटीचा निळाशार पोहण्याचा तलाव. पोहता मला येत नाही. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलंय, आणि मी हे घर त्या तलावासाठीच घेतलं.

घर पूर्वी सोसायटीचे सेक्रेटरी शेखर यांच्या आईचं. सगुणाबाई दिवाळीनंतर गेल्या. शेखर गोड बोलतात, वाजवीपेक्षा जरा जास्तच. स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून बसायची बाईंची जागा होती म्हणे. तिथला तेलकट डाग नव्या रंगातूनही वर आलाय.

तलाव साफ करायला यंत्र आहे. प्रवासी बॅगेएवढं, रबरी पट्ट्यांवर चालतं, मागे निळी वायर तरंगत असते. सगळे त्याला कासव म्हणतात. तळावरून, भिंतींवरून फिरतं आणि मोठ्या फिल्टरमधून निसटणारा बारीक गाळही आपल्या जाळीत धरतं. कल्पना उत्तम. ते चालवणारा माणूस तितका उत्तम नाही. गोरक्ष, हरसूलकडचा, पन्नाशीचा. जाळी कडुनिंबाच्या बुंध्याशी धरून पाईपने धुतो. तोच चिखल माझ्या बुटांवर. ‘मावशी, लागलं काय?’ म्हणाला. मी त्याची मावशी नाही हे त्याला कळेल अशा मराठीत सांगितलं.

कडुनिंबाची एक फांदी थेट पाण्यावर आलीय. तिला लाल फडक्याची चिंधी लोंबतेय. काढावी असं कुणाला सुचत नाही.

बुधवार, ५ मार्च

गुडघे खूश आहेत. मी नाही.

खोल बाजूला, बरोबर त्या फांदीखाली, तळावर एक राखाडी ठिगळ आहे. बसायच्या पाटाहून थोडं मोठं. कासव सगळा तळ विंचरतं, ठिगळापाशी येतं, थांबतं आणि वळतं. मी काठावर खुर्ची टाकून पाहिलं. दर फेरीला तेच. भिंत समजून वळावं तसं.

गोरक्षला विचारलं. म्हणाला, फरशीचा रंग उडालाय. फरशीचा रंग उडाला तर यंत्राने का वळावं, यावर त्याला एकदम कुठेतरी जायचं होतं.

बुटांचा डाग निघत नाही. साबण, लिंबू, सोडा, सगळं झालं.

रविवार, ९ मार्च

शाळेत नन्सनी आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली: आरोप करण्याआधी पुरावा हातात ठेवा. आज गोरक्ष चहाला गेला तेव्हा कासवाची जाळी मीच उघडली. आतला गाळ लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरला आणि वर आणला.

शेवाळ नाही, वाळूही नाही. वाळल्यावर फिकट राखाडी, पिठासारखं मऊ, मध्ये पांढरे खरखरीत कण. व्हिनेगर टाकलं तर हलकं फसफसलं. म्हणजे चुना, किंवा निकृष्ट सिमेंट. ठेकेदाराने तळाला काय फासलंय हे मी आता शोधून काढते. बरणीवर ‘नमुना’ अशी चिठ्ठी लावून ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली, डागाच्या वर. ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवीन.

समोरच्या माजिदा दारात भेटल्या. वयाने माझ्याएवढ्याच, रोजे चालू असल्याने आवाज थकलेला. हातातली बरणी बघून विचारलं, काय आणलंत. सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. इथे सगळे एकमेकांना सामील आहेत.

मंगळवार, ११ मार्च

शेखरना लेखी तक्रार दिली. उत्तर तोंडी आलं, जिन्यात: ‘काकू, पाणी एकदम क्रिस्टल क्लिअर आहे, तुम्ही एन्जॉय करा.’ मी त्यांची काकूही नाही. लेखी मागितलं तर हसले. हसताना माझ्या दारातून आत, स्वयंपाकघराकडे बघत होते.

ठिगळ सरकलंय. कालपर्यंत फांदीखाली होतं, आज तळ जिथे चढू लागतो त्या उतारावर आहे. मला वेडं ठरवायला गोरक्ष ते रोज सरकवतो, याबद्दल मला शंका नाही.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. रंगाने पाणी खराब होऊ नये म्हणून तलावाला कालपासून दोरी बांधून कुलूप. किल्ली शेखरांकडे, गोरक्ष हरसूलला. मी गॅलरीतून दिवसभर नजर ठेवून होते. कुणी पाण्याजवळ गेलं नाही. कासव ठरलेल्या वेळी आपोआप सुरू झालं आणि फिरलं.

ठिगळ आता उथळ बाजूला आहे, मी चालते तिथे.

आणि त्याला आकार आहे. वरून नीट दिसतो. मांडी घातलेली बाई. पाठ किंचित मागे रेललेली, कशालाच न टेकता.

रविवार, १६ मार्च

पाण्यात उतरले नाही. गुडघे ठणकतायत.

दुपारी माजिदा स्वतःहून आल्या, दारातच उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर फळीकडे बघून नको म्हणाल्या. रोज्यात खोटं बोलणार नाही, म्हणून आजच सांगते, म्हणाल्या.

सगुणाबाई गेल्या तेव्हा धाकटा मुलगा कॅनडात. तो येईपर्यंत अस्थी ठेवायच्या. देशभरातून माणसं रात्रंदिवस प्रवास करून तिसऱ्या दिवशी रामकुंडावर येतात. नाशिककरांना घाई नसते. कुंड काय, रिक्षाने पंधरा मिनिटं, जाऊ की सावकाश. अस्थी घरात आणत नाहीत, झाडाला टांगतात. सोसायटीत झाड कुठलं? कडुनिंब. लाल फडक्यात बांधलेलं मडकं महिनाभर पाण्यावर लोंबत राहिलं. मग अवकाळीचं वारं सुटलं आणि एका सकाळी फांदीवर फक्त चिंधी उरली, मडकं पाण्यात. कुणी बघेपर्यंत कासवाने आपलं काम केलं होतं, आणि गोरक्षने जाळी धुऊन बुंध्याशी ओतली होती. शेखरने नवं मडकं आणलं, बंबातली राख भरली, धाकटा आल्यावर भटजींना बोलावून रामकुंडावर सगळं यथासांग केलं. भाऊ रडला, शेखरही रडला. गोरक्षने हे माजिदांना सांगितलं, कारण त्याला झोप येत नव्हती.

आणि बुंध्याशी ओतलेलं पाण्यात परत झिरपतं, कासव परत धरतं, गोरक्ष परत ओततो. त्या बाईचं तेव्हापासून हेच चाललंय.

माझ्या बरणीकडे बोट करून त्या म्हणाल्या, ‘उज्वलाताई, अस्थी घरात आणत नाहीत, हे मी सांगायचं का तुम्हाला?’

आमच्या घरात बाबांनी असलं काही पाळू दिलं नाही आणि शाळेत शिकवलं नाही.

सोमवार, १७ मार्च

रात्र विचारात गेली. संताप आहे, भीती नाही. हे स्पष्ट लिहिते.

माजिदांचं म्हणणं, बरणी उचला, रिक्षा करा, रामकुंडात सोडून मोकळ्या व्हा, मी बरोबर येते, काठावर उभी राहीन. भल्या बाई आहेत. पण मी का? आई कुणाची? ज्याने बंबातली राख रडत रडत सोडली त्याने यावं, लेखी कबुली द्यावी आणि बरणी घेऊन जावी. मी परस्पर निस्तरलं की हा गृहस्थ जन्मभर सुटला. नोकरीत मी कुणाचं घाण पाणी ‘योग्य’ म्हणून सही करून सोडलं नाही.

शेखरना दुसरं पत्र. स्पष्ट शब्दांत.

मंगळवार, १८ मार्च

तळ स्वच्छ. ठिगळ नाहीच. गोरक्षने आनंदाने मला हाक मारून दाखवलं.

मग मी पायऱ्या पाहिल्या. पाण्यातून वर येणाऱ्या. प्रत्येकीवर राखाडी पाऊल. बाहेरच्या फरशीवर दोन. पुढे वाळलेलं.

गोरक्षने तेही पाहिलं. त्याने कासव पाण्यातून काढलं, वायर गुंडाळली आणि गावाला निघून गेला. म्हणाला, ‘मावशी, म्हातारी पाण्यात होती तवर मी सांभाळलं. आता नाय.’

शुक्रवार, २१ मार्च

शेखर आले. दारातच. बरणी पुढे केली तर दोन पावलं मागे सरले. हे तुमच्या डोक्यातलं आहे, म्हणाले. मग हळू आवाजात, हात जोडून: भावाला कळलं तर तो तोंड बघणार नाही, तुम्हीच सोडून या ना काकू, कुणाला कळणार आहे. मी म्हटलं, हेच लेखी द्या. गेले.

लिफ्टच्या फरशीवर राखाडी पावलं. पुसली. दुपारी परत. सगळी आमच्या मजल्यावर बाहेर पडणारी, लिफ्टकडे परतणारं एकही नाही.

सोमवार, २४ मार्च

माजिदा ईदला माहेरी मालेगावला निघाल्या. जाताना पुन्हा विनवलं. चला, रिक्षा खाली उभी आहे, आधी तुम्हाला रामकुंडावर नेते, मग स्टँडवर जाते. बरणी मी हातात घेतली होती. खरंच घेतली होती.

मग वाटलं, एवढं झाल्यावर मीच वाकायचं? परत ठेवली.

जिना उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, सगुणा साधी होती, सही येत नव्हती, सोसायटीच्या मीटिंगला अंगठा उठवायची. पण हट्टाला तुमच्यासारखीच.

गुरुवार, २७ मार्च

दारातल्या पायपुसण्यावर राख. आतल्या बाजूला.

शेखरना शेवटची नोटीस. मुदत मार्चअखेर, सोमवार ३१, संध्याकाळी पाच. सरकारी माणसाला याहून पक्की तारीख माहीत नसते. त्यांच्या दाराखालून सरकवली. एक प्रत माझ्या टेबलावर.

त्यांच्या दाराला कुलूप आहे. सगळे बाहेर गेलेत, कुठे ते कुणी सांगत नाही.

रविवार, ३० मार्च

पाडवा. समोर गुढ्या उभ्या आहेत. माझ्याकडे नाही.

डागाखाली फरशीवर ठिगळ. मांडी घातलेलं. आता पाठ टेकली आहे.

पुसलं नाही. पुसायचं कशाने — तेच फडकं मग कुठे धुऊ —

बरणीचं झाकण घट्ट आहे. आत काही नाही. बाहेर ‘नमुना’ची चिठ्ठी तेवढी आहे.

सोमवार, ३१ मार्च, दुपार

बरणी आता नेऊन उपयोग — न्यायचं काय? ते सगळं स्वयंपाकघरात बसलंय. तेव्हाच गेले असते तर — रिक्षा खाली उभी होती —

टेबलावरची नोटीस. माझी प्रत. शेखरच्या नावावर रेघ ओढलेली नाही, काही लिहिलेलं नाही. फक्त खाली, ‘मिळाल्याची सही’ म्हणून मी जागा सोडते तिथे —

अंगठा. राखाडी. ओला.

बरं. मग नोटीस तुम्हालाच, सगुणाबाई. हे घर माझ्या नावावर आहे. तुम्हाला इथे अडकवलं तुमच्या मुलाने — आणि मी. हेही लिहिते. तुम्हाला काय हवं ते सांगा. मी नेते. अनवाणी नेते. बूट तर तसेही —

आतून पाट सरकवल्याचा आवाज.

तोंडी नको. तुमचा आवाज मला ऐकायचा नाही. लेखी द्या. पाच वाजायच्या आत, इथेच, या कागदावर. अंगठा चालेल. मी टेबलावरून हलत नाही, दाराकडे बघत नाही, पेन खाली ठेवत नाही, तुम्ही फक्त लेखी —