नर्सबाईंचा निरोप

आई, काल धाकटीला तपासायला मंचरला नेलं होतं. सातवा महिना लागलाय तिला. डॉक्टरीणबाईंनी कागद भरता भरता विचारलं, "आईला बाळंतपणात प्रेशरचा त्रास होता?" धाकटीनं माझ्याकडं पाहिलं. तू तिच्या बाळंतपणात तापानं गेलीस, एवढंच तिला माहीत.

तेव्हा मी बारा वर्षांची आहे, धाकटी तुझ्या पोटात आहे आणि तू चुलीपुढं भाकरी थापतेस. दिवस भरत आलेत. पाय इतके सुजलेत की जोडवी बोटांत रुतलीत. मी साबण लावून ओढते, निघत नाहीत. नर्सबाई येतात, तुझ्या दंडाला पट्टा गुंडाळून दोनदा प्रेशर मोजतात. "उद्याच दवाखान्यात जा. अशानं झटके येतात, बाळाच्याही जिवाला धोका." निघताना मला दारात थांबवून म्हणतात, "वडलांना सांग, विसरू नको." त्या गेल्यावर तू माझं मनगट धरतेस. "तीन पोरींवरची खेप हाय ही. आता दवाखान्यात जाऊन पडले तर तुजी आजी मला घरात उभं करायची न्हाई. कांद्याची लागण चाललीय, मानसांचं कोन बघनार? मला कुठं वाट हाय, सांग? तुज्या आबांना बोललीस तर माजी शपथ."

जेवताना आबांनी विचारलं, "नर्स आलती नव्हं? काय म्हनली?" तू खाली बघून वाढत राहिलीस. मी म्हणाले, "काय नाय. गोळ्या दिल्या."

पाचव्या दिवशी दुपारी भांडी घासता घासता तू कोसळलीस. दातखीळ बसली, हातपाय झाडायला लागलीस. पारगावहून जीप येईस्तोवर तास गेला. धाकटी जगली, तू नाही. तेरावं झाल्यावर आबा नर्सबाईंवर ओरडले, "एका शब्दानं सांगितलं न्हाई तुमी!" त्या म्हणाल्या, "पोरीला सांगितलं होतं मी." आबांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. नाही. बाईंनी पुढं बदली मागून घेतली.

काल मात्र मी "होता" म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी लगेच दर आठवड्याची तपासणी लावली. परतताना एसटीत मी धाकटीला सगळं सांगितलं, अगदी शपथेपर्यंत. मला वाटलं, ती तोंड फिरवेल. तिनं माझा हात हातात घेतला. "ताई, बारा वर्षांची व्हतीस गं तू."

तिला एक सांगितलं नाही. ते इथं लिहिते, हा कागद कुणाला दाखवायचा नाही. शपथेचं मला एवढं भय नव्हतंच. त्या शनिवारी शाळेचं गॅदरिंग होतं, नाचात माझं नाव होतं. तू दवाखान्यात गेली असतीस, तर मला घरी राहावं लागलं असतं.