न दिसलेली मॅच मी कशी जिंकलो

साकीनाका, अंधेरी पूर्व
सोमवार, १६ जून १९८६

तीर्थस्वरूप वनमालाताईस,

धाकट्या दशरथचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी इथे धडधाकट आहे. तू, भावोजी आणि पोरं तशीच असाल असं धरून चालतो. आबांचा गुडघा कसा आहे? (फार बरा असेल तर पंचाईत आहे, कारण मग ते मला न्यायला मुंबईला येतील.) त्यांनी तुझ्याकडून मागच्या पत्रात जे लिहून घेतलं ते मी चार वेळा वाचलं. गणपतीपर्यंत कुठे चिकटलो नाही तर तडक घरी यायचं आणि काकांच्या भाताच्या गिरणीवर बसायचं. चार वर्षांत पाच नोकऱ्या सोडल्या हे खरं आहे. पण त्यातल्या दोन मी नाही सोडल्या, त्यांनी मला सोडलं, हे आबा कधी धरत नाहीत.

तर आता नीट बस आणि वाच. तुझा भाऊ शिवदासशेठच्या नट-बोल्टच्या कारखान्यात स्टोअरला लागला! आता रोजंदारीवर पॅकिंग नाही, हमाली नाही, स्टोअर. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे आणि मी चाललो की तो वाजतो. आणि हे झालं फुटबॉलमुळे, त्यातही मी न बघितलेल्या मॅचमुळे.

पहिल्यापासून सांगतो. आमचा जुना स्टोअरवाला वैशाखात गावी गेला तो आलाच नाही. मी शेठकडे शब्द टाकला, तर मध्ये मार्तंडराव आले. हे आमचे हेडक्लार्क, मुलुंडला राहतात, पँटच्या घडीवर भाजी चिरता येईल असा माणूस. माझ्या तोंडावर शेठला म्हणाले, "चौथी शिकलाय हो तो. स्टोअरचं काय भजं करायचंय का?" शेठ म्हणाला बघू. शेठचं बघू म्हणजे नाही, हे कारखान्यातल्या मांजरालाही माहीत आहे.

तेवढ्यात मेक्सिकोत वर्ल्डकप सुरू झाला. शेठ फुटबॉलचा वेडा. रात्रपाळीची पोरं मॅच बघायला पळतात म्हणून त्याने घरचा जुना काळा-पांढरा टीव्ही आणून पॅकिंगच्या टेबलावर ठेवला आणि स्वतःच खुर्ची टाकून समोर बसायला लागला. मार्तंडरावही थांबतात. त्यांच्याकडे एक जाड वही आहे. कोणी किती गोल मारले, कोण किती वर्षं हरलं नाही, कोणाला कितव्या मिनिटाला पिवळं कार्ड मिळालं, सगळं लाल-निळ्या शाईत. आमच्यात वाद झाला की ते वही उघडतात आणि वाद मरतो. मला तर त्या वहीची शिसारी आली होती. मी मॅच बघतो ती माणसं बघायला, आणि हे तेवढ्या वेळात खाली मान घालून कॉर्नर मोजतात.

गेल्या बुधवारी एकाच गटाच्या शेवटच्या दोन मॅच एकाच वेळी होत्या. (एकमेकांचा निकाल बघून कोणी लबाडी करू नये म्हणून तसं ठेवतात म्हणे.) पण दूरदर्शन दाखवणार एकच. त्यावरून आमच्याकडे मॅचआधीच मॅच झाली. कोणी म्हणे दहा मिनिटं ही दाखवा, दहा मिनिटं ती. आमचा वॉचमन नंदकुमार म्हणाला, पडद्याच्या मध्ये रेघ मारायला काय जातं यांचं? मार्तंडरावांनी तर दूरदर्शनला कार्ड टाकलं होतं, जबाबी. दुसऱ्या मॅचचा स्कोअर खाली पट्टीवर येतो म्हणतात, पण आमच्या टीव्हीचं खालचं बोटभर चित्र दिसतच नाही.

देशांची नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून सदऱ्यांवरून सांगतो. आम्हाला दिसत होते काळे सदरे आणि पांढरे सदरे. न दिसणाऱ्या मॅचमध्ये होते पट्ट्यांचे सदरे आणि आणखी कोणीतरी. शेठ काळ्यांचा. काळे जिंकले तर गटात दुसरे, म्हणजे पुढच्या फेरीत. बरोबरीत सुटले तर मात्र तिकडे पट्टेवाले हरायला पाहिजेत. (तिसऱ्या नंबराचंही काही गणित आहे. मार्तंडरावांनी ते मला तीनदा समजावलं. तुला कशाला त्रास?)

एक-एक अशी बरोबरी. वीस मिनिटं उरली. काळे नुसते पिसाळल्यासारखे धावत होते, त्यांचा कोटवाला कोच कडेला उभा राहून हात हलवत होता. आणि एकाएकी तो खाली बसला. थोड्या वेळाने काळे आपसात चेंडू मागे-मागे द्यायला लागले, घाईच नाही! शेठ चिडून उठला, चपला घातल्या. मार्तंडराव म्हणाले, "दमलेत. भर दुपारचं ऊन आहे तिकडे. संपलं यांचं." आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "शेठ, बसा. काळे पुढच्या फेरीत गेले. पट्टेवाले तिकडे हरताहेत."

मार्तंडरावांनी वही उघडली. "एकोणीस मॅचमध्ये हरले नाहीयेत पट्टेवाले! तुला कसं दिसलं रे, चौथीतून?"

ताई, तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चौथी काढल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, त्यात काय दिसायचंय? शेठची गाडी गल्लीत वळली की नंदकुमार शटरवर दोनदा काठी मारतो, की आमचे हात असे चालतात बघा. आणि शेठ आज येत नाही असा फोन आला की एकदाच मारतो, की आम्ही हे असे चेंडू मागे-मागे देत बसतो. काळ्यांना आत्ता एक काठी ऐकू आलीय.

नंदकुमारने हातातली काठी हळूच टेबलाखाली सरकवली. शेठ माझ्याकडे बघतोय, मी शेठच्या चपलांकडे. शेवटी शेठ बसला आणि म्हणाला, "खोटं निघालं तर उद्या येऊ नकोस. खरं निघालं तर स्टोअर तुझं. ज्याला कोण कधी हात थांबवतो ते कळतं, असला माणूस मला स्टोअरलाच पाहिजे." आणि एवढं बोलून होतंय तोच टीव्हीवर व्यत्ययाबद्दल खेद असल्याची पाटी आली. ती गेलीच नाही.

पेपरात त्या मॅचा दुसऱ्या दिवशी छापून येत नाहीत, म्हणजे उरला रेडिओ. झोप कसली? काकांच्या गिरणीच्या पट्ट्याचा आवाज कानात. सकाळी आम्ही सगळे नंदकुमारच्या केबिनबाहेर. बातम्यांत मंत्री काय म्हणाले ते झालं, दुसरे मंत्री काय म्हणाले तेही झालं, आणि अगदी शेवटी बाई म्हणाली: काळे बरोबरीत, पट्टेवाले शून्य-एकने पराभूत, काळे दुसरे! मी नंदकुमारला उचलला. (त्याने मला लाथ मारली, तो अजून बोलत नाही. कोणीच बोलत नाही. आता शेठ गाडी नाक्यावर सोडून चालत येतो.) मार्तंडरावांनी खिशातून किल्ल्या काढल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. ताई, शाळा सोडल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा समाधान वाटलं. एकोणीस मॅच वहीत होत्या, विसावी माझ्या डोळ्यांत होती! आबांना हे मोठ्याने वाचून दाखव, आणि गिरणीला दुसरा माणूस बघा म्हणावं.

भावोजींना नमस्कार, पोरांच्या गालांना चिमटा.

तुझा,
दशरथ (स्टोअर)

ता. क. – कायम असं शेठ अजून म्हणालेला नाही. तीन महिने बघू म्हणाला. हे आबांना वाचू नकोस.

ता. क. दुसरा – शनिवारी मार्तंडरावांनी मला एकट्याला बोलावून पेपरचं कात्रण वाचून दाखवलं. काळ्यांच्या कोचच्या पोटरीत गोळा आला होता म्हणून तो बसला. पोरं उन्हाने दमली होती. पट्टेवाले हरल्याचं त्यांना मॅच संपल्यावर कळलं. मी म्हटलं, आता शेठला सांगणार? ते म्हणाले, "शेठने निकाल विचारला होता, कारण नाही," आणि कात्रण वहीत चिकटवलं. माणूस तसा वाईट नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र यासाठीच – स्टोअरमधल्या सगळ्या खोक्यांवरची नावं इंग्रजीत आहेत. मी झाकण उघडून बघतो आणि माल देतो, पण शेठ समोर असला की किती झाकणं उघडणार? इंग्रजी पाचवीपासून लागतं आणि मी चौथीतच पळालो. तुझं पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. ते काजूच्या पिशवीत खाली घालून एसटीने येणाऱ्या कोणाबरोबर लगेच पाठव. काजू भरपूर घाल, खोलीतले लोक वरचे खाऊन थांबले पाहिजेत. आणि ए काढताना हात वरून खाली आणायचा की खालून वर न्यायचा, तेवढा पहिल्या पानावर पेन्सिलने बाण काढून ठेव.