नव्या रायपुरातली माझी किडनी

ब्राह्मणपारा, रायपूर

ती. सौ. शांताताईस धाकट्या यज्ञेश्वरचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला थांबला का? मी मजेत आहे, म्हणजे आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि उरलेले दिवस पाहुण्यांचे सल्ले.

तर झालं असं. शेजारच्या गुलाबरावांची देवश्री नव्या रायपुरात एका संशोधन संस्थेत आहे (तीच पोट्टी, जिनं लहानपणी माझा रेडिओ खोलून ठेवला होता). गेल्या वर्षी तिनं माझ्याकडून लघवीची बाटली नेली. लघवीत म्हणे किडनीच्या काही पेशी वाहून येतात. त्यांना उलटं मागं न्यायचं, अगदी काहीही होऊ शकतील अशा कोवळ्या करायच्या, आणि मग पुन्हा किडनी व्हायला लावायचं. मी तेवढंच ऐकलं आणि साऱ्या ब्राह्मणपाऱ्यात सांगत सुटलो, की माझी नवी किडनी तयार होऊन राहिली. गुलाबराव म्हणाले, "एकच काहून? जोडी सांगा ना पोट्टीले."

मंगळवारी तिनं बघायला बोलावलं. गुलाबराव नारळ आणि हार घेऊन सोबत निघाले. (नव्या रायपुरात उतरल्यावर पुढची बस तासभर आली नाही. त्या रुंद रस्त्यावर आम्ही दोघं आणि एक गाय.) गेटवर गार्डनं नारळ ठेवून घेतला. आत देवश्रीनं एक बशी दाखवली. गुलाबी पाण्यात खसखशीएवढे ठिपके. मी विचारलं, "बाकीची कुठं आहे?"

"काका, इतनी ही है," ती हळूच म्हणाली. "ये लगाने के लिए नहीं है. किडनी बनती कैसे है, और चोट लगे तो खुद सुधरती है क्या, वो समझने के लिए है."

गुलाबरावांनी हार खिशात कोंबला. मले हसू आलं, मग येईना.

तिनं मले सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. त्या ठिपक्यात बारीक नळ्या वळत होत्या, सुताच्या गुंड्यासारख्या. आईच्या पोटात असंच सुरू झालं असेल, ताई, आणि घरात कोणाले पत्ताही नव्हता. मुद्दाम औषधानं दुखावलेल्या पेशीही तिनं दाखवल्या. काही मेल्या, काही आपल्या आपण सावरल्या. कशा सावरल्या, तेच ती शोधून राहिली. मी विचारलं, माझ्या हयातीत सापडेल का? ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "शायद आपके लिए नहीं, काका." मग माझ्या पेशी पुढंही वापरायच्या कागदावर मी सही केली. एवढी साधी सही उभ्या नोकरीत केली नव्हती.

बाहेर येऊन गुलाबरावांनी नारळ फोडलाच. गार्डनं खाल्ला, गाईनं हार खाल्ला. मले नारळ मना आहे, मी नुसता वास घेतला.

तुझा,
यज्ञेश्वर

ता. क. — तू आपली किडनी देते म्हणाली होती, नागपूरले तपासण्याही करून आली, त्या जुळल्याही. तेव्हा मी 'माझी नवी बनून राहिली, तुझी कशाले?' म्हणून उडवून लावलं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो. तुले काही झालं असतं तर मी कोणाले ताई म्हणलं असतं? आता लाज सोडून विचारतो. अजून देशील का?

आणखी एक — 'नाही' असेल तर फोनवर सांगून टाक, मी रागावणार नाही. 'हो' असेल तर मात्र लिहून पाठव. मले ते हातात धरून बसायचं आहे.