अलिप्त हनुमंताची भातलावणी

कुरवंडे, आषाढ, सन १९५५

ति. दाजींच्या पायाशी धाकट्या मेहुण्याचा, हनुमंताचा, वाकून नमस्कार. अंबूआक्काची कंबर आता कशी आहे? परंदवडीकडची लावणी उरकली असेल. इकडे आम्ही सारे धडधाकट आहोत. पुढच्या वर्षी खाणार काय, ते मात्र सांगता येत नाही, आणि का, तेच लिहायला बसलोय.

तिकडे इंडोनेशियात बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले एकोणतीस देश एकत्र बसले, हे तुम्ही वाचलं असेलच. (आमच्याकडे वर्तमानपत्र लोणावळ्याहून दोन दिवस शिळं येतं. सातवीची फायनल पास असल्यामुळे चावडीवर ते मीच मोठ्याने वाचतो.) अमेरिकेच्या गटात जायचं नाही, रशियाच्याही नाही, कालपर्यंत दुसऱ्याच्या दावणीला होतो, आता आपण आपसात धरून राहायचं. दाजी, ते मी चावडीवर दोनदा वाचून दाखवलं. त्याच आठवड्यात जत्रेतल्या मानाच्या नारळावरून रखमाजी आणि श्रीपती यांचं फाटलं आणि गावाचे दोन तट पडले. दोघांनीही मला बोलावणं धाडलं. मी चावडीवर उभा राहून जाहीर केलं की हनुमंत अलिप्त आहे. (रखमाजीच्या भावजयीने दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोजवळ, नंदाजवळ, माझ्या औषधपाण्याची चौकशी केली.)

बांडुंगला भातलावणीचा प्रश्न निघालेला दिसत नाही. आपल्याकडे लावणी सावडीवर चालते, आज यांच्या खाचरात तर उद्या त्यांच्या. रखमाजीची सावड वेगळी, श्रीपतीची वेगळी, आणि मी कोणातच नाही. चिखल तयार, रोप तयार, आणि लावायला मी, नंदा आणि गुडघे धरलेली आई. बांधावरून दोन्ही तटांची माणसं जाता-येता हसायची. (एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत झालं.) रोप पिवळं पडायला लागलं. आठ दिवसांत लावलं नाही, तर ते गुरांपुढे टाकायचं आणि वर्षभर भात विसरायचा. मला भीती वाटायला लागली, दाजी.

मग सुचलं, गावात आणखीही अलिप्त आहेत की. डोंगरातल्या आदिवासींच्या वरच्या ठाकरवाडीला नारळाच्या भांडणात कोणी विचारलंच नव्हतं. तिथल्या शिदूकडे गेलो आणि बांडुंगची सगळी हकिगत त्याच्या कानावर घातली. तुम्ही माझं भात लावा, मी येऊन तुमची नाचणी लावतो, अगदी बरोबरीची सावड. शिदूने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तो, कोंडू आणि बायडाबाई धरून चौदा माणसं चिखलात उतरली. दुपारपर्यंत निम्मी खाचरं हिरवी झाली. बांधावरचं हसणं बंद पडलं. (वर्तमानपत्रात छापून यायला हरकत नव्हती.)

मग जेवणं. सावडीची माणसं ओटीवर बसतात आणि घरधनी त्यांच्याच पंगतीला बसतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण आईने ठाकरांची पानं गोठ्याच्या पडवीत मांडायला लावली. मी वाढायला उभा राहिलो. बायडाबाईने पानाला हात लावला नाही. तिने विचारलं, "भाऊ, रखमाजीची मानसं सावडीला आली की कुटं बसत्यात?"

मी म्हणालो, ओटीवर.

"मंग आमी सावडीला आलो न्हाई. तुमी आमाला कामाला आनलंय. त्ये आदी सांगायचं व्हतं."

ती उठली, तिच्यामागे सगळे उठले. शिदूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निम्मी खाचरं अजून रिकामी आहेत आणि रोप जेमतेम चार दिवस तग धरेल. असो. आक्काला सांगा, काळजी करू नये.

तुमचा,
हनुमंत

ता. क. शनिवारी तुम्ही इकडे यायलाच हवं. शिदूला पुन्हा बोलावलंय, तो 'बघू' म्हणालाय. जावई ज्या पंगतीला बसला, ती पंगत मोडायची सासूची छाती नाही. तुम्ही ओटीवर कोंडूशेजारी बसलात की आईला बोलायला जागा उरणार नाही.

आणखी ता. क. वर आईचं नाव घातलंय, ते खोटं आहे. आई त्या दुपारी घरातच नव्हती, लोणावळ्याला मावशीकडे गेली होती. पानं मी मांडली. रखमाजी दारावरून चालला होता आणि तो बघत होता. दाजी, तुम्ही याच. त्या पंगतीला एकट्याने बसायचा मला धीर होत नाही.